धाकट्या जावेची बाजू

कॉलेजात तिला मॅडम म्हणत, घरात धाकटी म्हणत, आणि स्टाफरूममधल्या आगाऊ मंडळींनी तिचं तिसरं नाव ठेवलं होतं, 'सुधारित आवृत्ती'. कारण कधीही विचारा, उत्तर ठरलेलं असे, "लेख दुरुस्तीला परत आलाय." त्या मधल्या काळात एका सहकाऱ्याचं घर बांधून झालं, दोघींची बाळंतपणं आटोपली, ग्रंथपाल निवृत्त झाले, पण हिचा लेख काही दुरुस्त होईना.

धाकटी समाजशास्त्र शिकवायची, तेही हंगामी. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि पुन्हा नव्याने अर्ज करून स्वतःची ओळख करून द्यावी लागायची, तीही ज्यांच्यासोबत वर्षभर चहा प्यायला त्यांनाच. यंदा मात्र कायमची एक जागा निघाली होती. अट अशी, की मान्यताप्राप्त संशोधन-नियतकालिकात निदान एक लेख स्वीकारलेला हवा. छापून आला नसला तरी चालेल, स्वीकारल्याचं पत्र पुरे. मुलाखत महिनाअखेरीला होती. थोडक्यात, सगळं घोडं त्या एका लेखापाशी अडलं होतं.

लेखाचा विषय होता, घरात कुणी अंथरुणाला खिळलं की त्याचं सगळं करतं कोण. हा विषय तिला लांब शोधावा लागला नाही. घरातच सासूबाई अर्धांगवायूने झोपून होत्या आणि त्यांचं हवं-नको थोरली जाऊ बघत होती. धाकटी आसपासच्या घरांत गेली, बायकांना बोलतं केलं, सगळं टेप केलं, आणि शेवटी एका दुपारी थोरलीलाही समोर बसवलं. थोरली वाळलेल्या चादरींच्या घड्या घालता घालता बोलली. बोलली ती अशी :

"आमची धाकटी शिकलेली आहे. मनाने वाईट नाही हो. पण आईंची कूस बदलायची वेळ झाली, की नेमक्या तिच्या लेखाला कळा येतात."

धाकटीला हसू फुटलं. रागही आला असणार, पण हसू जास्त होतं, कारण असं वाक्य मिळायला संशोधकाचं नशीब लागतं. अशा अभ्यासात नावं लपवायची रीतच असते. तिने ते वाक्य 'एका घरातील थोरली सून' म्हणून लेखात घालून टाकलं. ज्या धाकटीबद्दल ते होतं ती कोण, हे सांगायची तिला गरज वाटली नाही. संशोधकाने त्रयस्थ असावं, असं ती वर्गात शिकवतही होती.

मग सुरू झालं पाठवणं. लेख लिहायला बुद्धी लागते, पाठवायला गेंड्याची कातडी. संदर्भांच्या यादीत आधी आडनाव, मग वर्ष, वर्ष कंसात, पुस्तकाचं नाव तिरक्या अक्षरांत. तिने डोळे फुटेस्तोवर सगळं तिरकं केलं, तर उत्तर आलं, आमची पद्धत गेल्या अंकापासून बदलली आहे. सारांश लांबला म्हणून कापला, तर म्हणे त्रोटक झाला. तक्ते वेगळ्या फाइलीत मागितले म्हणून वेगळे दिले, तर 'लेखात तक्ते आढळले नाहीत'. आणि ती वेबसाइट! सगळं भरून शेवटचं बटण दाबावं, तर ती म्हणायची, 'आपला वेळ संपला आहे.'

"माझा वेळ संपलाय हे तू सांगायला नको!" धाकटी पडद्यावर खेकसली.

"कुणाशी बोलतेयस गं?" आतून थोरलीने विचारलं.

"संपादकांशी."

"आलेत का ते? चहा टाकू?"

या सगळ्यांवर कडी करणारा एक नियम होता. लेख कुणाचा हे तो तपासणाऱ्या परीक्षकांना कळता कामा नये आणि परीक्षक कोण हे लेखकाला. दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी बांधली की न्याय चोख होतो म्हणे. धाकटीने पहिल्या पानावरचं नाव काढलं, कॉलेजचं नाव काढलं, आभार काढले, स्वतःच्या जुन्या निबंधाचा उल्लेखही काढला. एवढं पुसल्यावर लेख तिलाच परका वाटायला लागला. मग तिने तो पाठवला.

परीक्षकांचे अभिप्राय आले तोवर नोकरीची मुलाखत तोंडावर आली होती. पहिल्या परीक्षकाचं म्हणणं, लेख निम्मा कापा, पण थोरल्या सुनेच्या वाक्याला हात लावू नका. दुसऱ्याचं म्हणणं, लेख तोकडा आहे, वाढवा. आणि पुढे त्याने लिहिलं होतं : 'थोरल्या सुनेने धाकटीवर एवढा आरोप केला आहे. धाकटीची बाजू कुठे आहे? संशोधकाने या धाकटीला गाठून तिची मुलाखत घ्यावी. त्याशिवाय लेख छापण्याजोगा नाही.' खाली संपादकांची एक ओळ होती, दोन्ही परीक्षकांच्या सूचनांची पूर्तता करावी.

धाकटीने कपाळाला हात लावला. नवऱ्याला वाचून दाखवलं, तर त्याला मजाच वाटली. "मग घे की मुलाखत. घरातच सापडेल ती," असं म्हणून तो पुन्हा वर्तमानपत्रात शिरला. आई त्याची होती, पण त्याची बाजू कुठल्याच परीक्षकाने मागितली नव्हती.

तिने आधी स्वतःच स्वतःची मुलाखत लिहून पाहिली. 'मी नोकरी करते. औषधं मीच आणते. डॉक्टरांशी मीच बोलते.' एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी सगळं वाचून असं वाटत होतं की मुलगी उशिरा शाळेत आली आहे आणि दारात उभी राहून कारणं सांगते आहे. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी वैतागून तिने प्रश्नावलीचा कागद थोरलीच्या हातात दिला.

"ताई, तुम्हीच विचारा. मी उत्तरं देते."

थोरलीला गंमत वाटली. तिने चष्मा लावला, पदराने पुसला, परत लावला. "नाव?"

"नाव नाही विचारायचं, ताई."

"बरं. रुग्णाशी नातं?"

"सून."

"रुग्णाला आंघोळ कोण घालतं?"

"तुम्ही. म्हणजे, थोरली सून."

"रुग्णाच्या अंगावर पडून राहिल्यामुळे जखमा आहेत का?"

"होत्या. पाठीवर होत्या, पण त्या भरल्या मागच्या थंडीत."

थोरलीने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "नवी झालीय. माकडहाडावर. बरेच दिवस झाले."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मलम तूच आणतेस की गं."

"मला वाटलं, ते जुन्या जखमेचंच चालू आहे."

थोरली कागदावर बोट ठेवून म्हणाली, "पुढचा विचारू?"

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मलमाच्या नळीवरची किंमत तिला पाठ होती, दुकानदार ओळखीचा झाला होता, आणि ते मलम कुठे लागतं हे तिला माहीत नव्हतं. ती उठून आत गेली, थोरलीने चादर बाजूला करून जखम दाखवली, आणि सासूबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मग तिने झाली तशी मुलाखत लिहून काढली. प्रश्न तेच, उत्तरं तीच, मलमासकट. आणि संशोधनाच्या पद्धतीबद्दलच्या भागात एक ओळ वाढवली : 'धाकटी सून म्हणजे प्रस्तुत लेखिका.' सगळ्या लेखात ही एकच ओळ तिने कुणीही न सांगता लिहिली होती. लेख पाठवून दिल्यावर तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

उत्तर इतक्या तातडीने आलं की तिचा विश्वासच बसेना. 'परीक्षकांना नवी मुलाखत अत्यंत प्रामाणिक वाटली. दोघांचीही शिफारस अनुकूल आहे. मात्र एका ओळीतून लेखकाची ओळख उघड होते. हा नियमभंग आहे. ती ओळ वगळून, सोबतचं प्रतिज्ञापत्र भरून लेख परत पाठवल्यास स्वीकृतीचं पत्र त्वरित देण्यात येईल. अन्यथा लेख बाद समजावा.'

तिने नियतकालिकाच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या कारकुनाचा आवाज गोड होता.

"अहो, पण ते खरं आहे," धाकटी म्हणाली. "ती मीच आहे."

"असेल ना मॅडम. खरं-खोटं आमच्याकडे बघत नाहीत. ओळख दिसते का, एवढंच बघतो आम्ही."

तिने फोन ठेवला नाही, आपटला. त्रयस्थ राहिली तेव्हा म्हणाले, धाकटीला गाठा. गाठली, तर म्हणाले, तिला लपवा. खरं सांगितलं तर बाद, लपवलं तर कायम नोकरी! नोकरीची मुलाखत परवावर आली होती. लॅपटॉप उचलून ती सासूबाईंच्या खोलीत गेली. थोरली पलंगाशी बसून औषधाच्या गोळीची पूड करत होती. धाकटीने तिला सगळं रागारागाने, पहिल्यापासून सांगितलं.

थोरलीने चमचा आपटून पूड वाटीत झटकली. "मग काढ की ती ओळ. एवढं काय त्यात? घरात तरी तू कुठे दिसतेस?"

टोमणा मारायचा असता तर थोरलीने मान वर करून मारला असता. ती तर बोलता बोलता वाटीत पाणी घालत होती. इतके महिने धाकटी परीक्षकांवर चिडली, संपादकांवर चिडली, वेबसाइटवर ओरडली, पण आता कुणावर चिडायचं हे तिला सुचेना. थोरलीने सासूबाईंच्या मानेखाली हात घालून त्यांना उठतं केलं.

धाकटीने ती ओळ काढली. प्रतिज्ञापत्र उघडलं. त्यात एकच वाक्य होतं : 'अभ्यासातील कोणत्याही कुटुंबाशी लेखकाचा संबंध नाही.' वाक्यापुढे रिकामा चौकोन होता. तिने पलंगाकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं, आणि चौकोनात बरोबरची खूण केली.