ओणव्या बाईसाठी रद्द झालेली फेरी

चेन्नईच्या गिंडी भागातल्या कार्यालयात मी मुलाखतीला गेले, तेव्हा श्री. नागोजीरावांनी माझ्या अर्जावर बोट ठेवून विचारले, "चौथीपर्यंत घरीच शिकलात? परीक्षा कोण घ्यायचं?" वडिलांच्या रेल्वेतल्या बदल्यांमुळे आईच शिकवायची आणि परीक्षाही तीच घ्यायची, असे मी सांगितले. "मग कठीणच असणार," ते म्हणाले. तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या नागोजीरावांचे मराठी मधूनच तमिळच्या चालीवर जाते. माझी भीती त्या दिवशी त्या चालीनेच कमी झाली.

चालकाविना धावणाऱ्या छोट्या बसगाड्यांचे जाळे चेन्नईत उभारण्याचे काम त्यांच्याकडे आहे. अड्यारच्या मार्गावर चाचणी चालू असताना एक आजी कुरकुरल्या, "ड्रायव्हरच नाही, मग हळू चालव म्हणून ओरडायचं कुणावर?" शेजारी बसलेले नागोजीराव म्हणाले, "माझ्यावर ओरडा." आजींनी खरोखरच ओरडून घेतले. पुढे प्रत्येक आसनाजवळ नियंत्रण कक्षाशी बोलण्याचे बटण आले, ते त्यामुळेच.

गाड्यांची सुरक्षितता तपासणे हे माझे काम. मार्गळी या तमिळ महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, मैलापूरच्या बायका सकाळी रस्त्यावर ओणव्या होऊन कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढतात. तिथे पाहुण्यांना घेऊन पहिली फेरी निघायची होती. आदल्या दिवशी माझ्या लक्षात आले, की आपण उभ्या माणसांसमोरच गाडी थांबवून पाहिली आहे. ओणवी बाई गाडीला माणूस वाटेल का? सांगावे तर सगळा कार्यक्रम मोडणार, न सांगावे तर एखादीच्या जिवाशी खेळ. मी चाचरत सांगितले. "खात्री नाही ना मा?" तमिळ पद्धतीने मला आपुलकीने 'मा' म्हणत एवढेच विचारून त्यांनी तिथल्या तिथे फोन करून फेरी रद्द केली.

मग माझी जुनी साडी नेसवलेला ओणवा पुतळा आम्ही गिंडीच्या आवारात ठेवला. गाडी दर वेळी अलगद थांबली. माझी शंका फोल ठरली होती. "बाईंनी रांगोळीपायी पाहुणे परत पाठवले," असे सहकारी कितीतरी दिवस चिडवत होते. वरिष्ठांची बोलणी मात्र नागोजीरावांनी एकट्याने ऐकून घेतली आणि माझे नाव कुठेही येऊ दिले नाही. मी माफी मागायला गेले, तेव्हा ते म्हणाले, "साडी छान नेसवलीत. पुढच्या वेळी शंका आली, तर अशाच या."

मी तशीच जात राहिले आहे. मैलापूरचा मार्ग अजून सुरू झालेला नाही. उत्सवातल्या मिरवणुकांबद्दल माझ्या काही शंका शिल्लक आहेत, आणि माझ्या होकाराशिवाय गाडी सोडायची नाही, असे त्यांनी सर्वांना सांगून ठेवले आहे. 'कधी?' असे त्यांनी मला एकदाही विचारलेले नाही. वास्तविक त्यांचे घर त्याच मार्गावर आहे, आणि आमच्या मामींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, पहिल्या गाडीतून न्यायचे त्यांच्या मनात आहे.

ते आता साठ वर्षांचे होत आहेत, आणि मी घाई करणार नाही. म्हणून त्यांना भरपूर आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो, या माझ्या प्रार्थनेत थोडी माझी सोयही आहे, हे कृतज्ञतेने कबूल करते.