जुन्या तारेचा दोष

हेवा हा शब्द मला फार सौम्य वाटतो. त्या बाईला बघून माझ्या पोटात जे दुखायचं त्याला जळणंच म्हणायला हवं, आणि आपण जळतोय हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

बोईसरच्या एमआयडीसीत मी ज्या छोट्या कारखान्यात नोकरी करते तिथे तापमान नोंदवणाऱ्या पेट्या बनतात. पेटी भिंतीला लावायची. ती दर काही सेकंदांनी तापमान मोजते, स्वतःच्या मेमरीत ठेवते आणि तिथून तारेवाटे शेजारच्या कॉम्प्युटरला आकडे पाठवते. पेटीतला सगळा प्रोग्राम माझा. डिप्लोमा करून पालघरहून इथे यायला लागले त्याला आता पंधरा वर्षं झाली, आणि त्यातली निदान बारा वर्षं ‘मॅडमना विचारा’ हे वाक्य ऐकत माझी कॉलर ताठ राहिली. अशी सवय लागली की सुटत नाही.

ती सोल्डरिंगच्या टेबलावर होती. राहायला नवापूरला, नवऱ्याची बोट, घरी सासूबरोबर बोंबील सुकवायचे आणि साडेआठला रिक्षात कोंबून घेऊन कामावर. शिक्षण दहावी. वयाने माझ्याएवढीच, पण ती मला मॅडम म्हणायची आणि मी तिला अगं-तुगं करायचे. त्यात काही वावगं आहे असं दोघींनाही वाटत नव्हतं. तिने लावलेला टाका कधी सुटत नाही असं शेठ आल्यागेल्याला सांगायचे. माझा प्रोग्राम कधी अडत नाही असं सांगताना मी त्यांना ऐकलं नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे तिच्या डब्यातल्या जवळ्याच्या चटणीसाठी जमायचे. मीही घ्यायचे, आणि तिखट जास्त झालंय म्हणायचे.

सोल्डरच्या धुराने तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. डॉक्टरांनी दुसरं काम बघा म्हणून सांगितलं होतं. शेठ तेव्हा तपासणीची वेगळी खोली बांधत होते, एसीवाली. तिथे मी प्रमुख असणार हे मी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. एक दिवस शेठ सहज म्हणाले, “मॅडम, तपासणीला हिलाच बसवलं तर? हात साफ आहे, नजर बारीक आहे. तुम्ही प्रोग्रामिंग सांभाळा.” मी “बघू या” म्हणाले. घरी जाऊन कुकरचं झाकण इतक्या जोरात आपटलं की मुलगी बाहेर येऊन बघून गेली.

त्याच महिन्यात औषधांच्या एका कारखान्यातून तक्रार आली. त्यांच्या गोदामात तापमान पंचविसाच्या आसपास ठेवायचं असतं. आमच्या पेट्या एरवी ठीक चालायच्या, पण दुपारी मधूनच एक्कावन्न पॉइंट एक दाखवायच्या आणि लगेच पुन्हा पंचविसावर यायच्या. कधी सरळ शून्य. तपासनीस येण्याआधी हे थांबलं नाही तर चाळीसच्या चाळीस पेट्या परत, असं त्यांनी कळवलं.

मी तारेच्या मागे लागले. दुपारी शेजारच्या कारखान्याच्या मोठ्या मोटारी चालू होतात, त्यांचा त्रास तारेला होत असणार, असं माझं म्हणणं. अर्थिंग बदललं, आकडे पाठवायचा वेग कमी केला, तारेवर जाळी चढवली. दोन आठवडे गेले आणि एक्कावन्न काही जाईना. कार्यशाळेत आमच्याकडे तर ते कधी यायचंच नाही. शेवटी तिनेच जोडलेल्या तारांचा एक जुडगा तिच्या टेबलावर नेऊन टाकला आणि म्हटलं, “टाके पुन्हा लाव.” शेठ तिथेच उभे होते.

तिने एक तार उचलून बघितली. मग म्हणाली, “मॅडम, आकडे किती निगाले नि किती पोचले ते मोजलं काय?”

नव्हतं मोजलं. येणारा आकडा वेडावाकडा आहे एवढंच मी दोन आठवडे बघत होते.

“आमी बोंबील मोजतो ना,” ती शेठकडे न बघता मलाच सांगत होती, “वीस झाले का एक उलटा ठेवायचा, शेपटी पुढं करून. मग कुणी मदी बोलला, इसरायला झालं, तरी चुकी कुठल्या विसात हाय ते कळतं. सगळी पाटी परत मोजाय लागत नाय. तुमी पण तापमानाच्या जागी नुसती मोजणी पाठवा. विसाला एक खूण करा. मदी काय गळलं तर खूण सरकंल.”

शेठ हसले. “करून बघा की मॅडम.” ते ‘की’ मला असं झोंबलं की कान तापले. पद्धत बरोबर आहे हे मला तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं होतं, आणि राग नेमका त्याचाच आला.

दुसऱ्या दिवशी शेठ वापीला गेले होते. मी पेटीच्या मेमरीत एक, दोन, तीन अशी चढती मोजणी घातली, दर विसाव्या ओळीला चांदणीची खूण घातली आणि दहा वेळा चालवून कागद छापले. आम्ही दोघी बाकावर शेजारी बसून वाचू लागलो. ती पेन्सिलीने खुणा टिपत होती. दोनशे चाळीसची खूण जागेवर, दोनशे साठची जागेवर. पण दोनशे पंचावन्न यायला हवं तिथे पाचशे अकरा. सगळ्या कागदांवर नाही, तिनावर. एकावर पुढे पाचशे अकराच्या जागी सातशे सदुसष्ट.

“तार खोटी नाय मॅडम,” ती म्हणाली. “खुणा समद्या जाग्यावर हायत. तारेनं कायबी गिळलं नाय. आकडा पेटीतूनच तसा निगतो.”

“बघते,” मी म्हणाले आणि कागद गोळा करून केबिनमध्ये गेले.

दहा मिनिटांत सापडलं. मेमरीच्या एका कप्प्यात दोनशे पंचावन्नपर्यंतच आकडा मावतो. पुढचा आला की शेजारच्या कप्प्यात एक वाढतो आणि पहिला शून्यावर येतो. माझा प्रोग्राम पाठवताना आधी एक कप्पा वाचायचा, मग दुसरा. त्या दोन वाचनांच्या मधल्या क्षणी नवीन तापमान येऊन बसलं, तर अर्धा आकडा जुना आणि अर्धा नवा उचलला जायचा. साडेपंचवीस म्हणजे पेटीच्या हिशोबात दोनशे पंचावन्न, आणि पाचशे अकरा म्हणजे एक्कावन्न पॉइंट एक. दुपारी गोदामाची दारं उघडली की तापमान त्याच उंबरठ्यावर वरखाली व्हायचं. आमच्या कार्यशाळेत दिवसा ते तीसच्या खाली क्वचितच येतं, म्हणून इथे दिसलं नाही. मोटारींचा काही संबंध नव्हता. चूक माझी होती आणि पहिल्या पेटीपासून होती.

वाचताना लिहिणं थांबवायचं, एवढ्या दोन ओळी घातल्या. पुन्हा दहा वेळा चालवलं, मोजणी सरळ आली. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र शेठचा आवाज ऐकू येत होता, वापीहून आल्यावर सगळ्यांसमोर तिला शाबासकी देणारा. पंधरा वर्षांची चूक मॅडमची, आणि पकडली सोल्डरवालीने. मग तपासणीची खोली कुणाची हे विचारायलाही नको.

मी गोदामात जाऊन पेट्यांमध्ये नवीन प्रोग्राम टाकला आणि त्याच फेरीत सगळ्या तारा काढून बाजारातल्या तयार तारा लावल्या. एक्कावन्न बंद झालं. शेठनी सोमवारी सगळ्यांसमोर विचारलं, “काय निघालं शेवटी?” मी म्हणाले, “तारांची जोडणी. टाके कच्चे होते.”

ती समोरच होती. शेठ तिला ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, “लक्ष कुठे असतं बाई तुझं?” आणि काढून आणलेल्या चाळीस तारांचे टाके पुन्हा लावायला सांगितले. तीन दिवस ती डोळे पुसत तेच करत होती. जेवणाच्या सुट्टीत तिच्याभोवती तेव्हाही गर्दी होती, आणि खरं सांगते, मला त्याचाही राग आला. पुढच्या महिन्यात तपासणीची खोली मला मिळाली.

तिथे मी बसायला लागल्यावर आठवडाभराने ती आली. हातात त्या चाळिसांतली एक तार, जिचा जुना टाका तिने मुद्दाम न उकलता ठेवला होता, आणि छापलेला कागद. नव्या पेटीला ती जुनी तार लावून तिने मोजणी चालवली होती. हजारापर्यंत एक चूक नव्हती.

“माजा टाका बरा व्हता,” ती म्हणाली. “शेठला मी नाय बोलले. तुमी सांगाल म्हणून थांबले.”

ती गेल्यावर तिने ठेवलेला कागद मी हजारापर्यंत वाचून काढला. मग उठून शेठकडे गेले. दार लावून घेतलं आणि सांगितलं, की टाके कच्चे नव्हते, चूक माझ्या प्रोग्रामात होती, आणि ती तिच्या मोजणीमुळे सापडली.

शेठनी चष्मा काढला. माझ्याकडे इतक्या मायेने त्या पंधरा वर्षांत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“मॅडम, तुमचं मन मोठं आहे,” ते म्हणाले. “तिची चूक स्वतःवर घेताय. पण असं सांभाळून घेऊ नका, माणसं कामात ढिली पडतात. ती सोल्डरिंगलाच राहू दे.”

प्रोग्रामच्या त्या दोन ओळी आणि तिचा कागद त्यांच्यासमोर ठेवायला पाच मिनिटं लागली असती. कागद माझ्या हातातच होता. मी त्याची घडी घातली, “बरं” म्हणाले आणि माझ्या खोलीत परत आले.