अतरंगी प्रश्न आणि आमची तिरोड्याची उत्तरं

आमच्या रविवारच्या वर्गातली पोरं बारावी झाली की निघून जातात. किस्से मात्र इथेच राहतात. कुणी एक आठवण काढली की तिच्या मागून दुसरी येते, दुसरीच्या मागून तिसरी, आणि कपातला चहा गार होऊन जातो.

मी गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. बिसेन सर गणित शिकवतात. काही वर्षांपूर्वी पल्लवी पटले नावाच्या आमच्या एका विद्यार्थिनीनं बंगळुरूच्या एका खाजगी विद्यापीठाचा अर्ज मोबाईलवर उघडून आमच्यासमोर धरला. स्कॉलरशिप चांगली होती. पण अर्जात एक निबंध लिहायचा होता आणि विषय होता, ‘तुमच्या आवडत्या आवाजाबद्दल सांगा.’

सरांनी चष्मा वर करून प्रश्न पुन्हा वाचला आणि मला विचारलं, “याचं बरोबर उत्तर काय हाय?”

“सर, याला बरोबर उत्तर नसतं.”

“मंग हे लोक चेक कसं करते?”

तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही दोघं आणि असे अर्ज भरणारी थोडी पोरं एका वर्गात बसतो. आधी मराठीत बोलायचं, मग इंग्रजीत लिहायचं. सरांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही, पण ते एकही रविवार चुकवत नाहीत.

* * *

पल्लवीनं पहिला निबंध लिहून आणला तो कोकिळेचा. त्यात पहाट होती, आमराई होती आणि झुळझुळ वाहणारा झरा होता.

सरांनी शांतपणे विचारलं, “पल्लवी, तुह्या गावात झरा कुठी हाय?”

“नाही सर.”

“मंग झुळझुळ कोण करून राहिलं?”

पल्लवी हसली, पण तिचे डोळेही भरून आले. दोन दिवस खपून लिहिलं होतं बिचारीनं. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, “निबंध राहू दे. घरी असताना कोणत्या आवाजाची वाट पाहतेस ते सांग.”

तिनं पाणी संपवलं. मग म्हणाली, “धान चुरायचं थ्रेशर बंद होते ना मॅडम, तो.”

“बंद होण्याचा आवाज?”

“हो. दिवसभर ते घरघर करते तं कोणाचंच ऐकू येत नाही. बाबा हातानं इशारे करते. मंग मशीन बंद होते. कान जरा वेळ सुन्न राहते. अन् मंग बाबा बोलते.”

“काय बोलतात?”

“काही नाही. ‘चाय ठेव’ म्हणते.”

तिच्या निबंधाचं शेवटचं वाक्य तेच झालं. पल्लवीला प्रवेश मिळाला. निकाल कळला त्या दिवशी तिचे बाबा पेढे घेऊन कॉलेजात आले आणि काहीच न बोलता पेढ्यांचा डबा पुढे करून उभे राहिले. मशीन बंद असतानाही ते फारसं बोलत नाहीत, हे तेव्हा कळलं.

सरांनी त्या वर्षापासून वर्गात कोकिळेवर बंदी घातली.

* * *

पुढच्या वर्षी लोकेश आला. त्याला कुठल्याशा व्हिडिओत कुणी सांगितलं होतं की असल्या निबंधात दुःख पाहिजे, त्याशिवाय निवड होत नाही. त्याचा प्रश्न होता, ‘तुमचं लहानपण कोणत्या दिवशी संपलं?’ लोकेशला लहानपणी काहीच झालेलं नव्हतं. घर सुखी, शेत तलावाच्या पाण्यावरचं, तब्येत उत्तम. म्हणून त्यानं मामाला मारलं.

निबंध मोठा छान जमला होता. तापानं फणफणलेला मामा, रिकामी पडलेली खाट, भाच्याच्या डोक्यावरून शेवटचा फिरलेला हात. लोकेश वाचत होता आणि मी हातातलं पेन खाली ठेवून ऐकत होते. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि एक धिप्पाड माणूस दारात येऊन उभा राहिला. लोकेश वाचायचा थांबला.

“वाच ना बे. काऊन थांबला?”

“कोण आपण?” मी विचारलं.

“मी याचा मामा. याले गोंदियाले न्यायचं हाय, बूट घ्यायले.”

लोकेशचा चेहरा पाहून मामांना शंका आली. त्यांनी कागद हातातून घेतला, उभ्या उभ्या सगळा वाचला आणि परत दिला. आता काय होतंय म्हणून आम्ही दोघंही अंग चोरून बसलो.

मामा म्हणाले, “मॅडम, मले मरायची सवय हाय. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिथं नाटक होते, त्यात मी दरवर्षी मरतो. पण दुसऱ्या अंकात. यानं तं पहिल्याच पॅऱ्यात मारलं.”

मग तेच बाकावर बसले आणि त्यांनी सांगितलं की लोकेश लहान असताना पहिल्यांदा नाटक पाहायला आला होता. मामा स्टेजवर मेले, तसा तो रडत रडत थेट स्टेजवर चढला आणि त्यांना हलवायला लागला. सगळं गाव पाहत होतं. मामांनी डोळे मिटूनच त्याला हळूच सांगितलं, “खाली उतर बे, मी मेलो आहो.”

लोकेशनं हे लिहिलं. सरांनी त्यात स्वल्पविरामसुद्धा बदलू दिला नाही.

* * *

निखिल रहांगडालेचे वडील तांदळाचे व्यापारी. तिरोड्यात त्यांचा शब्द चालतो, घरात तर दुसरा शब्दच नसतो. निखिलनं फार्मसी करायचं हे त्यांनी ठरवलं होतं. निखिलला इतिहास शिकायचा होता आणि हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं. त्याच्या अर्जातला प्रश्न होता, ‘तुम्ही तुमचं मत कधी बदललं?’

एका रविवारी वडील वर्गात आले. बसले नाहीत.

“मॅडम, हे पोरगं मले रात्रंदिवस विचारून राहिलं का बाबा, तुमचं मत कधी बदललं. कायले विचारून राहिलं?”

मी त्यांना प्रश्न दाखवला.

“आमच्या घरात मत माह्यापाशी राहते,” ते म्हणाले. “ते बदलत नाही. त्याले दुसरा प्रश्न द्या.”

निखिल बाकावर मान खाली घालून बसला होता. सरांनी त्याला विचारलं, “तुले काय शिकायचं हाय ते बाबाले सांगितलं का?” निखिलनं मानेनंच नाही म्हटलं. सर म्हणाले, “मंग आत्ता सांग. आम्ही दोघं आहो इथं.”

त्यानं सांगितलं. मान खालीच होती, पण सांगितलं. वडील ऐकून घेऊन निघून गेले. पुढचे दोन रविवार निखिल आला नाही. आम्हाला वाटलं, गेलं पोरगं हातचं.

तिसऱ्या रविवारी बाप-लेक दोघंही आले. वडील म्हणाले, “त्याले लिहू द्या.”

“काय लिहू द्यायचं?” सरांनी विचारलं.

“बाबाचं मत कसं बदललं ते. अन् लवकर लिहा म्हणा, नाही तं पुन्हा बदलन.”

निखिलची ऑनलाईन मुलाखत आमच्याच वर्गात झाली. वडील कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे कोपऱ्यात बसले होते. शेवटी प्राध्यापकांनी विचारलं, तुला आम्हाला काही विचारायचंय का? आम्ही त्याच्याकडून अभ्यासक्रमाचा एक चांगला प्रश्न घोकून घेतला होता. ऐनवेळी तो विसरला आणि म्हणाला, “मेसमध्ये दोन्ही वेळ भात असतो का?”

प्राध्यापक हसून म्हणाले, “असतो.”

कोपऱ्यातून आवाज आला, “कौनसा चावल?”

* * *

सुनीता उईके दरेकसाची. शिकायला तिरोड्यात हॉस्टेलवर राहायची. तिला प्रश्न आला होता, ‘तुमच्या खिडकीतून काय दिसतं?’

“हॉस्टेलच्या खिडकीचं लिही,” सर म्हणाले.

“तिथून भिंत दिसते सर.”

“मंग घरच्या खिडकीचं.”

“घरी खिडकी नाही.”

सर खडूशी खेळायला लागले. मी घाईघाईनं तिच्यासाठी दुसरं कॉलेज शोधायला घेतलं. थोड्या वेळानं सुनीताच म्हणाली, “मॅडम, तुम्ही दोघं काऊन उदास झाले? दार हाय ना. दारातून दिसतेबी अन् जाताबी येते.”

तिनं दारातून काय दिसतं ते लिहिलं. मोहाचं झाड, त्याखाली शेजाऱ्याची कायम बांधलेली शेळी, पलीकडे डोंगर, आणि मालगाडी जाताना तिच्याकडे ढुंकूनही न पाहणारे कोंबडे. त्या विद्यापीठानं तिला घेतलं नाही. हेही सांगायला हवं, कारण असं बऱ्याचदा होतं. सुनीतानं तोच निबंध दुसऱ्या कॉलेजला पाठवला. तिथला प्रश्न होता, ‘तुम्ही कशाशिवाय राहू शकता?’ तिनं फक्त वर एक ओळ जोडली, ‘खिडकीशिवाय.’

पुण्यात आहे आता. खोलीला दोन खिडक्या आहेत म्हणे. थंडी वाजते म्हणून दोन्ही बंद ठेवते.

* * *

शेवटी चित्राचं सांगते. ती चोरखमाऱ्याकडची. आता हैदराबादला आहे, मजेत आहे, दिवाळीला आली की आम्हाला भेटल्याशिवाय जात नाही.

तिला प्रश्न होता, ‘तुम्ही गाव सोडून गेलात तर तिथे काय अडेल?’

चित्रा हुशार आणि भारी चिकित्सक. आधी तिनं लिहिलं की ती गल्लीतल्या लहान मुलांचा अभ्यास घेते, तो अडेल. मग स्वतःच म्हणाली, “नाही अडणार मॅडम, उलट खूश होतील पोरं.” मग लिहिलं की बाबांना मोबाईलवरून सातबारा काढून देते. तोही कागद फाडला. म्हणाली, “भाऊ देईल की काढून.” असे रविवार जात राहिले आणि अर्जाची मुदत जवळ येत चालली.

“माझ्यावाचून काहीच अडत नाही, हेच खरं उत्तर आहे,” ती एकदा अगदी रडवेली होऊन म्हणाली.

सर म्हणाले, “आपल्याले नाही समजत तं घरी विचारावं. आईले विचार.”

पुढच्या रविवारी ती निबंध घेऊन आली. पाचशे शब्दांची परवानगी होती आणि कागद जवळजवळ कोराच होता.

“इतकंच?” मी विचारलं.

“इतकंच आहे मॅडम.”

सरांनी तिला मोठ्यानं वाचायला सांगितलं. ती उभी राहिली आणि तिनं वाचलं.

‘मी आईला विचारलं, मी गेले तर इथे काय अडेल? आई म्हणाली, काहीच नाही अडत, तू खुशाल जा. हे ती चुलीकडे तोंड करून म्हणाली. चूल पेटलेली नव्हती.’