साहेबांच्या कुत्र्याचा कोट

अत्यंत जबाबदारीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता मी जाहीर करते की, हिवाळ्यात फिरायला नेताना कुत्र्याला कोट लागतो का, या गंभीर प्रश्नावर सगळ्या भिलाईत शास्त्रशुद्ध संशोधन फक्त एकाच व्यक्तीने केलेलं आहे. ती व्यक्ती म्हणजे मी. तेव्हा मी सातवीत होते. संशोधनाला लागणारं साहित्य माझ्याकडे तयार होतं : एक हिवाळा, एक कोट आणि एक कुत्रा. यातला फक्त हिवाळा आमचा स्वतःचा होता.

कुत्रा होता सक्सेना साहेबांचा. सक्सेना साहेब म्हणजे बाबांच्या खात्यातले सगळ्यात मोठे अधिकारी. ते आत शिरले की चालू मशीनसुद्धा पोट आत घेऊन उभी राहते, असं बाबा सांगत. (खात्री करायला मी कधी गेले नाही.) बाबा वर्ध्याहून येऊन पोलादाच्या प्लांटात लागले तेव्हापासून शिफ्टमध्ये अडकले होते. कधी सकाळ, कधी दुपार आणि मग ती रात्रपाळी! रात्रपाळीच्या आठवड्यात बाबा दिवसा झोपत आणि आम्ही घरात चोरांसारखे वावरत असू. कुकरची शिट्टी व्हायच्या आत आई गॅस बंद करायची, त्यामुळे त्या आठवड्यात वरणातली डाळ दाताखाली कडकड वाजायची. तिचा आवाज होऊ नये म्हणून ती आम्ही न चावता गिळायचो.

बाबांची आयुष्याकडून एकच मागणी होती : जनरल शिफ्ट. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, रात्री माणसासारखं घोरायचं. ते देणं साहेबांच्या हातात होतं आणि साहेब म्हणाले होते, "जबलपुर से लौटकर देखते हैं, वानखेडे."

जबलपूरला साहेबांच्या पुतणीचं लग्न होतं. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "तुम्हारे घर में जगह है? हमारा सुलतान रह जाएगा?"

आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये दुधाच्या पातेल्याला जागा नव्हती. बाबा म्हणाले, "बहुत जगह है, सर!"

दुसऱ्या दिवशी जीप आली. सुलतान उतरला. डॉबरमन! काळाभोर, उंच, चकचकीत. कातडं असं घट्ट की जणू शिंप्याने अंगावरच शिवलं होतं. ड्रायव्हरने साखळी बाबांच्या हातात दिली, कॅनव्हासची एक पिशवी आईच्या हातात दिली आणि म्हणाला, "इसका सब सामान इसी में है।" मग सुलतान आम्हाला चावायच्या आत तो निघून गेला. (सुलतान कोणालाच चावत नसे. पण हे गुपित सुलतान कोणाला कळू देत नसे.)

पिशवीतून जेवायचं ताट निघालं, ब्रश निघाला, चेंडू निघाला, बिस्किटं निघाली. आणि सगळ्यात खाली होती एक लालभडक, जाडजूड लोकरीची वस्तू. दीड वीत रुंद, चांगली लांब, आतून मऊ फ्लॅनेल लावलेलं आणि दोन्ही टोकांना नाड्या.

आईने ती दोन बोटांत धरून वर उचलली. "अवो, हे काय होय?"

"पाहू," म्हणत बाबांनी नाक जवळ नेलं आणि ते मागे सरकले. कापूर, ओवा आणि कसल्यातरी कडू तेलाचा वास भपकन सगळ्या खोलीत पसरला.

"गोचिडीचं औषध असंल," बाबा म्हणाले. "मोठ्या लोकायचे कुत्रे. उगाच नाई."

"औषध समजलं. पण वस्तू काय आहे?"

मी ती वस्तू घेतली, सुलतानच्या पाठीवरून टाकली, पोटाखालून नाड्या बांधल्या. माप तंतोतंत!

"कोट!" मी ओरडले.

"कुत्र्याले कोट?" आईने कपाळाला हात लावला. "आमच्या गावी कुत्रे चुलीतल्या राखेत झोपत. कोट घालून कोणी भुंकलं नाई कधी!"

बाबा मात्र एकदम गंभीर झाले. प्लांटातल्या माणसाला एखादी वस्तू देण्यात आली की ती का दिली, हे तो विचारत नाही. तो ती घालतो. "तुमाले सांगतो," बाबा बोट वर करून म्हणाले, "आमी हेल्मेट कावून घालतो? डोक्यावर रोज काई पडते का? नाई पडत. दिलं म्हणून घालतो! साहेबानं कोट देला ना? मंग घालाचा. बिना कोटाचा कुत्रा गेटाबाहेर गेला नाई पाहिजे. माह्या जनरल शिफ्टचा सवाल आहे!"

सुलतानला हा नियम मान्य नव्हता. कोट दिसला की तो पलंगाखाली शिरायचा. बांधला की मान वळवून नाड्या चावायचा. त्याच्याही पुढे जाऊन एकदा तो रस्त्यात बसकण मारून बसला, उठेचना.

"पाह्य, थंडीनं अकडला बिचारा," बाबा म्हणाले आणि नाड्या आणखी घट्ट केल्या.

त्याला सकाळी फिरवायचं काम माझ्याकडे होतं. शेजारच्या क्वार्टरमध्ये लांजेवार काका राहत. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले, आता प्लांटात आमच्याच बाबांच्या खात्यात. हिवाळ्यासाठी त्यांची तयारी म्हणजे कानाला गमछा. बाकी अंगावर बनियन. ते दात घासत कुंपणाशी उभे होते.

"काय वं पोरी, हे काय करून रायली?"

"कुत्र्याले कोट घातला, काका."

"कावून?"

"थंडी वाजते त्याले."

काकांनी थुंकून तोंड मोकळं केलं. "त्यानं सांगतलं का तुले?"

आता हा प्रश्न साधा होता, पण तो माझ्या डोक्यात शिरला तो निघेचना. खरंच, सांगितलं कोणी? जवळच्या रुआबांधा गावाकडे हिवाळ्यात बकऱ्यांच्या अंगावर पोत्याचे तुकडे बांधलेले मी पाहिले होते. म्हणजे बकरीला थंडी वाजते. पण त्याच पोत्यावर, बकरीच्या शेजारी, गावठी कुत्रं उघडंच झोपलेलं असायचं. मग बकरीला वाजते ती थंडी कुत्र्याला सोडून कशी जाते? आणि गावठी कुत्र्याचे केस दाट, सुलतानचे तर मखमलीसारखे आखूड. त्याला वाजत असेलही. विचारायचं कोणाला? आईला विचारलं तर ती म्हणाली, "मले कोणी इचारलं नाई कधी थंडी वाजते का म्हणून, तू कुत्र्याचं घेऊन बसली!"

मग मी संशोधनाला लागले. बाबांच्या देखत कोट बांधायचा, कोपरा वळला की काढायचा. एक दिवस कोटासह, एक दिवस कोटाविना. थंडी मोजायचं माझं यंत्र म्हणजे माझा गाल. सुलतानचा कान गालाला लावायचा आणि गरम की गार ते ठरवायचं. (सुलतानला हे यंत्र फार आवडलं. तो प्रत्येक वेळी ते चाटून स्वच्छ करायचा.)

निकाल थक्क करणारे होते! कोटाविना सुलतान उधळलेल्या घोड्यासारखा पळायचा, कान गरम, डोळे चमकदार. कोट घातला की तोच सुलतान मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखा खाली मान घालून चालायचा, आणि थोड्या वेळाने चक्क जीभ बाहेर काढून धापा टाकायचा. ऐन डिसेंबरात! थरथरताना मी त्याला एकदाच पाहिलं, तेही कोट घातलेला असताना. पण त्या वेळी समोर लांजेवारांची कोंबडी पंख पसरून उभी होती, त्यामुळे ते निरीक्षण मला बाद करावं लागलं.

फक्त एक गोष्ट गोंधळात टाकायची. चालताना मजेत असणारा हाच सुलतान घरी फरशीवर बसला की माझ्या गोधडीखाली नाक खुपसायचा. म्हणजे थंडी त्याला वाजायची, पण बसल्यावर! चालणाऱ्या कुत्र्याची शेगडी आतच पेटलेली असते, असा सिद्धान्त मी मांडला आणि तो घेऊन बाबांकडे गेले.

"बाबा, फिराले नेताना त्याले कोट नाई लागत."

"तुले जनरल शिफ्ट लागते का?"

"मले कायले?"

"मंग गप राय!"

विज्ञानाची गळचेपी अशी होते. पण तोपर्यंत प्रकरण आमच्या हाताबाहेर गेलं होतं. बाबांच्या खात्यातली निम्मी माणसं आमच्याच सेक्टरमध्ये राहायची, आणि त्या सगळ्यांनी साहेबांचा कुत्रा लाल कोट घालून जाताना पाहिला होता. साहेबांचा कुत्रा! म्हणजे त्यात काहीतरी असणारच!

दुपारी उन्हात विणायला बसणाऱ्या बायका आईकडे यायला लागल्या. "वानखेडेबाई, किती टाके घातले जी यात?" आजवर आईच्या विणकामाला कोणी नावाजलं नव्हतं. तिने तो कोट मांडीवर पसरला आणि ती एखाद्या विद्यापीठात असल्यासारखी शिकवायला लागली, "एक सुलट, एक उलट. रंग लालच घ्या, साहेबाचा लाल आहे. नाड्या लांब ठेवा."

"आणि तो वास?"

"तो बी आला पाहिजे. कापूर, ओवा, तेल."

पाहता पाहता गल्लीतला मोती लाल झाला, राजा लाल झाला, कोणाचीच नसलेली एक पिवळी कुत्रीसुद्धा लाल झाली. तिला दोन घरांनी वेगवेगळे कोट घातले, कारण दोन्ही घरांतल्या कर्त्या पुरुषांचं काहीतरी साहेबांकडे अडलेलं होतं. सकाळी धुक्यातून ही लाल पलटण निघाली की कापराचा असा दरवळ सुटायचा की जणू पहाटेची आरती चालली आहे. आणि एके दिवशी पाहते तर लांजेवार काका! बनियनवर, कानाला गमछा, हातात काळ्या नावाचा त्यांचा कुत्रा आणि काळ्याच्या पोटाला काकूच्या जुन्या लाल मफलरचा कोट!

"काका, त्यानं सांगतलं का तुमाले?" मी विचारलं.

काका इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले, "चूप राय वं. माहं प्रमोशन अटकून हाय ना, बाई!"

आणि मग तो रविवार उजाडला. साहेब आणि मेमसाब दुर्ग स्टेशनवरून परस्पर आमच्याकडेच सुलतानला न्यायला आले. ऊन कोवळं होतं आणि सगळी गल्ली कुत्री घेऊन बाहेर होती. गाडीचं दार उघडलं. साहेब उतरले, म्हणजे उतरायला लागले. एक पाय बाहेर, मग एक हात कमरेवर, मग "आह्," मग दुसरा पाय. ज्यांना पाहून मशीन सरळ व्हायच्या ते साहेब स्वतः वाकडे उभे होते! त्यांनी मान वर केली आणि त्यांना गल्लीभर पसरलेले लाल कोट दिसले. इकडे लाल, तिकडे लाल, त्या पिवळ्या कुत्रीवर दोन लाल. साहेबांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"वानखेडे... ये क्या है?"

बाबांना वाटलं, साहेब भारावून गेले. छाती काढून ते म्हणाले, "सर, आपका देखके सबने बनाया!"

"मेरा... देखके?" साहेबांचा दुसरा हातही कमरेवर गेला.

"हाँ सर! पूरे सेक्टर को पसंद आया। रोज पहना के चौक तक घुमाया सर, एक दिन भी नागा नहीं!"

मी सुलतानला बाहेर आणलं. अस्सल कोटात. मेमसाब गाडीतूनच किंचाळल्या, "अजी, ये तो आपका कमर का पट्टा है! अम्मा वाला! हाय राम, जल्दी में मैंने इसी थैली में डाल दिया होगा, और आप पूरी शादी में नौकरों पर चिल्लाते रहे!"

सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. साहेबांची कंबर धरायची. त्यांच्या आईने स्वतःच्या हाताने विणलेला तो पट्टा ते रोज शर्टाच्या आतून, औषधी तेल चोळून बांधत, आणि हे मेमसाबशिवाय दुनियेत कोणाला ठाऊक नव्हतं. पट्ट्याविना लग्नात त्यांना वाकून थोरांच्या पाया पडता आलं नव्हतं आणि सगळ्या नातलगांनी त्यांना शिष्ट ठरवलं होतं! इकडे तोच पट्टा घालून सुलतान चौकातल्या खांबांची विचारपूस करत हिंडत होता.

कोणी हसलं नाही. हसण्याची कोणाची हिंमत नव्हती. लांजेवार काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, पण त्यांचे खांदे गदागदा हलत होते. आईने पदर तोंडात कोंबला. बाबांनी नाड्या सोडल्या, पट्टा झटकला (त्यातून सुलतानचे केस उडाले), चावलेली नाडी मुठीत लपवली आणि दोन्ही हातांवर ठेवून तो साहेबांपुढे धरला, देवाला वस्त्र अर्पण करतात तसा. साहेब हात पुढे करीनात. घेतला तर तो त्यांचाच ठरत होता. न घेतला तर कंबर ऐकत नव्हती.

बाबांना जनरल शिफ्ट मिळाली, हे इथेच सांगून टाकते. लवकरच मिळाली. मात्र प्लांटाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, मरोद्याच्या बाजूला, जिथे बाबांचं तोंड साहेबांना जन्मात दिसणार नाही अशा खात्यात. बाबा रात्री शांत घोरायला लागले, आमच्या घरातली डाळ शिजायला लागली. बाबा म्हणत, साहेबांचं मन मोठं. आई म्हणे, साहेबांना लाज वाटली. पण ही बदली खरी कशामुळे झाली, हे त्या गल्लीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. साहेब पट्टा घेत नाहीत हे पाहून मला वाटलं, त्यांना सुलतानची काळजी वाटते आहे. कोट काढला तर तो गारठेल, असं त्यांच्या मनात आहे. आणि या विषयातली भिलाईतली एकमेव तज्ज्ञ तर मीच होते! मी दोन पावलं पुढे झाले आणि शेवटच्या क्वार्टरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या उत्तमातल्या उत्तम हिंदीत त्यांना धीर दिला :

"ले लो सर, ले लो! हमने पूरा जाँच के देखा है, कुत्ते को इसकी कुछ जरूरत नहीं पड़ती, आपकोच पड़ती है!"