घोडेगावच्या पलीकडे, भिंतीच्या आत

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं यावर आमच्या घरी दरवर्षी वाद होतो, म्हणून या खेपेला मी परस्पर ठरवून टाकलं. ट्रेनिंग कॉलेजातला माझा सोबती थॉमस नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर आहे. त्याचा निरोप आला होता: मृतांचा सण जवळ आलाय, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडायला येणार, सारा गाव तयारीला लागलाय, ये बघायला. फराळ सोडून कबरी बघायला निघालेला नवरा पाहून बायकोने कपाळाला हात लावला.

जाणाऱ्यांनी नगरहून औरंगाबादची मोटार धरावी आणि घोडेगावला उतरावं. लढाईमुळे पेट्रोल नाही. मोटार कोळशाच्या गॅसवर चालते आणि जरा चढ आला की उतारूंना खाली उतरवते. साखर घरून न्यावी, कारण खेड्यात चहा गुळाचाच मिळतो. घोडेगावला जनावरांचा बाजार भरला होता, त्यामुळे बाजारातून तिकडे परतणारी बैलगाडी लगेच मिळाली.

"किरिस्तावांच्या गावाला व्हय?" गाडीवान म्हणाला. "त्यांच्या कबरस्तानाची भिंत दर पावसाळ्यात पडती. एकाच जागी. अन् दगडं आत पडत्यात. म्हंजी भायेरनं कुनीतरी रेटतंय."

"पाण्याचा लोंढा येत असेल," मी शहाणपण केलं.

"भायेर उतार हाय. पानी वर चढतं व्हय?"

पुढचा रस्ता मी बैलांच्या शेपट्या बघत काढला.

गावात मात्र चुन्याचा वास आणि झेंडूचे ढीग. बाया कबरी सारवत होत्या, चर्चमध्ये पेटी-तबल्यावर भजनं बसवणं चाललं होतं. थॉमस मला थेट दफनभूमीत घेऊन गेला. भिंतीला खिंडार पडलं होतं आणि दगड खरंच आतल्या बाजूला पडले होते. खिंडारापलीकडे लहान लहान उंचवटे होते. त्यांवर ना क्रूस, ना फूल.

"बाप्तिस्म्याआधी गेलेली लेकरं," थॉमस म्हणाला. "त्यांना पवित्र जमिनीत जागा नाही. हे शेवटचं आमचं. आषाढातलं."

मरणाच्या दारातल्या बाळाला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. कपाळावर पाणी ओतायचं आणि ठरलेले शब्द म्हणायचे. थॉमस स्वतः हे शाळेत पोरांकडून घोकून घेतो. पण स्वतःच्या घरी वेळ आली तेव्हा तो सायकल काढून फादरांना आणायला धावला आणि ते येईपर्यंत बाळ गेलं.

"घरात रांजण भरलेला होता रे," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मार्था, त्याची बायको, त्याच्याशी बोललेली नाही. भाकरी वाढते, पाणी ठेवते, पण तोंडातून शब्द नाही. त्या घरात जेवताना घास फिरतो. ठेचा फर्मास होता हेही सांगायला हवं.

सण तोंडावर, भिंत पुन्हा उभी करायची होती. संध्याकाळी थॉमसने तिच्या जुन्या पायावर दोरी ताणली आणि मुरमात खुंट्या ठोकल्या. थॉमसच्या घराला दार एकच. मी दारातच आडवी खाट टाकून झोपलो. मांजर ओलांडून गेलं तरी मला जाग येते.

सकाळी दोरी उंचवट्यांच्या पलीकडे होती. तशीच ताठ. मी जुन्या खुंट्यांची भोकं शोधली. मुरूम अख्खा होता. रात्री ठोकाठोक कोणीच ऐकली नव्हती.

भिंतीच्या कामाला जमलेले सगळे नुसते उभे राहिले, कोणी कोणाकडे बघेना. मग म्हाताऱ्या गवंड्याने छातीवर क्रूस केला आणि पहिला दगड उचलला. "दोरी जिथं, भिंत तिथं," तो म्हणाला. "गवंड्यानं दोरीला इचारायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी फादर आले तोवर भिंत कमरेइतकी झाली होती. म्हातारे, परदेशी, पण मराठी स्वच्छ. त्यांनी भिंत न्याहाळली.

"ही जुन्या पायावर आहे?"

थॉमसचा चेहरा पांढरा पडला. एवढ्याशा उत्तरावर त्याच्या लेकराची जागा ठरणार होती.

"दोरीवर हाय, फादर," गवंडी म्हणाला.

फादर भिंतीच्या कडेने टोकापर्यंत चालत जाऊन परत आले. वारा पडला होता. शेकडो मेणबत्त्यांची एकही ज्योत हलत नव्हती.

"भिंतीच्या आत जे आहे त्याला पाणी मिळेल," ते शेवटी म्हणाले, आणि एकेका उंचवट्यापाशी थांबत पाणी शिंपडत गेले. शेवटच्यापाशी थॉमस गुडघ्यांवर कोसळला. मार्था त्याच्यामागे येऊन उभी राहिली.

"उठा आता," ती म्हणाली. "गुडघे चिखलानं भरलं तुमचं."

निघताना माझ्या हातात भाकरीची शिदोरी देत तिने हळूच विचारलं, "भावजी, यांनीच राती दोरी सरकवली न्हवं? तोंडानं कबूल न्हाई करायचे." गाडीपर्यंत सोडायला आलेला थॉमस म्हणाला, "मार्थानेच सरकवली. मी विचारणार नाही तिला." मी दोघांनाही मान डोलावली.

घरी बायकोला सगळं सांगितलं. "मग खरं कोणी सरकवली?" तिने विचारलं.

"माझी खाट दारात होती. दोघांपैकी कोणीही बाहेर पडलं नाही."

बायको सुपातले तांदूळ तसेच ठेवून बसून राहिली.

प्रवासाचं म्हणाल तर शीण दोन दिवसांत गेला, पण ती ताठ दोरी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही गेलात तर भिंत जरूर बघा, लेकरांना फुलं वाहा, थॉमसच्या घरी गुळाचा चहाही घ्या. फक्त दोरीची चौकशी करू नका. तो समजतो की तिने सरकवली, ती समजते की त्याने, आणि त्यावर ते घर पुन्हा बोलायला लागलं आहे.