शनिवारी सांगायचा सिनेमा

पाणबुडीच्या सिनेमाबद्दल मिस्त्रींचं खरं मत असं होतं : एकवीस दिवस समुद्राच्या तळाशी अडकलेल्या माणसांच्या दाढ्या वाढल्या, गाल बसले, ओठांना भेगा पडल्या, दात मात्र पहिल्या दिवशी होते तसेच एकविसाव्या दिवशीही पांढरेशुभ्र. शनिवारी फोनवर मुलाला त्यांनी सांगितलं, “पार्श्वसंगीत जरा जड झालंय.”

हे दुसरं मत त्यांचं नव्हतं. दवाखान्यात नावं नोंदवायला बसणाऱ्या मुलीचं होतं.

मिस्त्री म्हणजे गवंडी नव्हेत, सुतारही नव्हेत. ते दातांच्या कवळ्या बनवतात. दवाखान्याच्या पहिल्या डॉक्टरांनी कुणाला तरी गमतीनं “हे आमचे मिस्त्री” अशी ओळख करून दिली. ते डॉक्टर निवृत्त झाले, त्यांच्या जागी डॉक्टरीणबाई आल्या, नाव तेच राहिलं. त्यांची खोली दवाखान्याच्या मागच्या बाजूला आहे. एक खिडकी, एक लांब ओटा आणि प्लास्टरनं निम्मी तुंबलेली मोरी. पुढे डॉक्टरीणबाई पेशंटच्या जबड्याचं माप घेतात, ते मागे येतं. मिस्त्री त्यात प्लास्टर ओततात, साच्यावर मेणाची हिरडी चढवतात, तिच्यात एकेक दात बसवतात आणि मग मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरून घासून चकचकीत करतात. चौतीस वर्षं हेच काम. ज्याची कवळी, तो माणूस त्यांना दिसत नाही. चिठ्ठीवर नाव, वय आणि दाताच्या रंगाचा नंबर, एवढंच येतं.

सिनेमा हा मिस्त्रींचा विषय कधीच नव्हता. तो त्यांच्या बायकोचा. ती काहीही बघायची; भुताचा, कोर्टकचेरीचा, रडारडीचा, एकमेकांना चुकवत बसलेल्या प्रेमिकांचा. तिचं परीक्षणही ठरलेलं असे. सिनेमा चालू असताना ती खुर्चीतून किती वेळा उठली, त्यावर दर्जा. “एकदाही उठले नाही” म्हणजे उत्तम. “दूध बघून आले” म्हणजे बरा. “भांडी झाली माझी” म्हणजे संपलंच. मुलगा शिकायला आणि मग नोकरीला दूर गेल्यावर दर शनिवारी संध्याकाळी आठला त्याचा फोन यायचा आणि मायलेक तासभर सिनेमावर बोलायची. “शेवट सांगू का?” असं विचारून ती उत्तराची वाट न बघता सांगून टाकायची. मिस्त्री पलीकडच्या खुर्चीत पेपर वाचत. शेवटी ती म्हणे, “घ्या, बोला दोन शब्द,” आणि ते खरोखर दोनच बोलत.

चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. शनिवारचा फोन चालू राहिला.

पहिले चार शनिवार असे गेले :

“जेवलात?”

“हो.”

“तब्येत?”

“बरी आहे.”

“काम?”

“चालू आहे.”

“बरं, ठेवतो मग.”

फोनच्या पडद्यावर वेळ दिसते. एक मिनिट चाळीस सेकंद. पुढच्या वेळी एक मिनिट दहा. पोरगा वाईट नव्हता आणि बापही नव्हता; दोघांच्या मधला माणूस उठून गेला होता. हे असंच चाललं तर आणखी दोन-तीन महिन्यांत शनिवारचा फोन महिन्यावर जाईल आणि महिन्याचा अडीअडचणीवर, हे मिस्त्रींना कळत होतं. त्यांना दुसऱ्या कुणाचा फोन येत नव्हता.

पाचव्या शनिवारी मुलाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “काही पाहिलंत का?”

“हो,” मिस्त्री म्हणाले. पाहिलेलं काहीच नव्हतं. बसमधून दिसलेल्या एका पोस्टरवरचं नाव त्यांनी सांगितलं.

“अरे वा. कसा वाटला?”

दुपारीच दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावरची मुलगी त्या सिनेमाबद्दल कुणाशी तरी बोलत होती. “बरा आहे. मध्यंतरानंतर झोपला.”

“अगदी बरोबर,” मुलगा म्हणाला. “मीही तेच म्हणत होतो सगळ्यांना.” आणि मग तो बोलत राहिला. नऊ मिनिटं.

तेव्हापासून मिस्त्री सिनेमे बघू लागले. दवाखाना गुरुवारी दुपारी बंद असतो, तेव्हा थिएटरात जाऊन. बाकी घरी. थिएटरातला सिनेमा त्यांना दमवायचा, कारण तो थांबवता येत नाही आणि कुणी तोंड उघडलं की दात नीट दिसायच्या आत पुढचं दृश्य. घरी ते नायकाला मध्येच थांबवून टीव्हीजवळ जाऊन उभे राहत. असा एक सिनेमा त्यांना तीन दिवस पुरे.

स्वतःचं मत त्यांनी एकदाच सांगून पाहिलं होतं. लग्नाच्या सिनेमातल्या ऐंशी वर्षांच्या आजीला पुरे बत्तीस दाढा-दात आहेत आणि सगळे एकाच नंबरचे, असं. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही सिनेमा बघायला जाता की तपासणीला?” तो हसला, पण त्यानंतर बोलणं आटलं. तेव्हापासून मिस्त्रींनी आपलं मत आपल्यापाशी ठेवलं आणि शुक्रवारी टेबलावरच्या मुलीकडून ताजं घेऊ लागले.

मुलगी सिनेमे मोबाइलवर बघायची, तेही तुकड्यातुकड्यांनी. “काका, एका रूट कॅनालमध्ये निम्मा सिनेमा होतो,” ती म्हणायची. “डॉक्टरीणबाईंचा हात सावकाश चालला तर अख्खा.”

“या आठवड्यातला तो दोन भावांचा बघितलास?”

“बघितला. मोठ्या भावाचं काम चांगलंय, धाकटा नुसता केस उडवतो. शेवट गुंडाळलाय.”

मिस्त्री कामाच्या चिठ्ठीमागे लिहून घेत : मोठा भाऊ चांगला. धाकटा केस. शेवट गुंडाळला.

“काका, तुम्ही स्वतः बघता ना सिनेमा? मग मला का विचारता? चाचणी परीक्षा घेताय?”

“बरोबर बघितला का ते ताडून पाहतो,” मिस्त्री म्हणत.

शनिवारी चिठ्ठी समोर ठेवून फोन व्हायचा. मुलगा कधी उलट विचारी, “शेवट गुंडाळला म्हणजे नेमका कुठे?” मग मिस्त्रींची तारांबळ. “म्हणजे... घाई केली रे जरा.” “हो, ती झालीच,” असं मुलगा म्हणाला की ते श्वास सोडत. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. एकदा पंचवीस.

मग तो संथ सिनेमा आला. गुरुवारच्या दुपारच्या खेळाला मिस्त्रींना धरून सात माणसं होती आणि त्यातली दोन मध्यंतरात गेली. बंद पडलेल्या शाळेची राखण करणारी एक म्हातारी, तिची एक खोली, बाहेर मोडकी बाकं. तासभर फारसं काही घडत नाही. मग एका संध्याकाळी ती कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवते. कॅमेरा हलत नाही. गाल आत जातात, नाक खाली आल्यासारखं वाटतं, हनुवटी वर चढते. तेवढ्यात दार वाजतं आणि म्हातारी आधी तोंडावर आडवा हात धरते, मग कडी काढायला वळते.

मिस्त्री पुढच्या गुरुवारी तोच सिनेमा पुन्हा बघायला गेले. या वेळी चारच माणसं होती.

शुक्रवारी त्यांनी नेहमीप्रमाणे मत घेतलं. “फोटोग्राफी सुंदर, लांबी जास्त,” मुलगी म्हणाली. “खरं सांगू का काका, मी पळवत पळवत बघितला.” त्यांनी लिहून घेतलं.

शनिवारी आठ वाजता मुलगा म्हणाला, “तो मी घरीच बघितला, इकडे टीव्हीवर आलाय. बरा आहे. ती म्हातारी मात्र नाही पटली.”

“का?”

“दात काढल्यावर तोंड एवढं बसतं कुठे? मेकअपवाल्यानं हात सैल सोडलाय. आणि एकटी राहते, दार वाजलं की तोंड कशाला झाकते? उगाच आपलं.”

चिठ्ठी समोर होती. फोटोग्राफी सुंदर. लांबी जास्त.

“तेवढंच बसतं,” मिस्त्री म्हणाले.

“अहो, सिनेमावाले वाढवून दाखवतात.”

“नाही वाढवलेलं. तिचा ‘स’ ऐक तू. कवळी काढल्यावर तिचा ‘स’ निसटतो. तेवढं कुणी करत नाही. बाकीच्या सिनेमांत कवळी वाटीत असते आणि म्हातारा बातम्या दिल्यासारखा खणखणीत बोलतो.”

मुलगा हसला. “तुम्ही कधी हो बघितलीत कवळी काढलेली माणसं? तुमच्याकडे येतं ते प्लास्टर. माणसं डॉक्टरांकडे जातात.”

हा टोमणा घरातला होता, बायकोही मारायची.

“एक माणूस बघितलंय,” मिस्त्री म्हणाले. “अकरा वर्षं, रोज.”

“कोण?”

अजूनही शेजारच्या कुणाचं नाव घेता आलं असतं.

“तुझी आई.”

पलीकडे काहीतरी चालू होतं, पंखा किंवा टीव्ही. ते बंद झाल्याचं ऐकू आलं.

“आईला कवळी नव्हती.”

“वरची होती. सगळी.”

“बाबा, आईच्या पुढच्या दोन दातांत फट होती. मी लहानपणी तिला चिडवायचो. कवळीत कुणी फट ठेवतं का?”

“मी ठेवली.”

मुलगा वसतिगृहात गेला त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, आणि पाच आठवड्यांत तिचे वरचे सगळे दात काढावे लागले. ती तेव्हा सेहेचाळीसची. “अहो, पोराला कळता कामा नये,” तिनं कागदावर लिहून दाखवलं होतं, कारण त्या दिवसांत ती बोलायचीच नाही. “आई म्हातारी झाली असं वाटेल त्याला.” मिस्त्रींनी दात काढण्याआधी माप घेऊन ठेवलं होतं. फट दीड मिलिमीटर. डॉक्टर म्हणाले, आता संधी आहे, बुजवून टाका, छान दिसेल. मिस्त्रींनी ती दीड मिलिमीटरच ठेवली. तीन महिन्यांनी मुलगा सुट्टीला आला, आईच्या समोर बसून जेवला आणि एवढंच म्हणाला, “तू बारीक झालीस.” ती स्वयंपाकघरात जाऊन मिस्त्रींकडे बघून हसली. त्यांच्या कामाला मिळालेली ही एकमेव पावती.

हे सगळं त्यांनी फोनवर सांगितलं. इतकं सलग ते मुलाशी कधीच बोलले नव्हते. मग त्यानं विचारलं, “कुणाकुणाला माहीत होतं?”

“मला. डॉक्टरांना.” मिस्त्रींना खोटं बोलायचं नव्हतं. “तुझ्या मावशीला.”

“म्हणजे मलाच नव्हतं,” मुलगा म्हणाला. “ठेवतो.”

पुढच्या शनिवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आठ वाजता मिस्त्री खुर्चीत बसत, साडेआठला जेवायला उठत. गुरुवारी ते सवयीनं थिएटरात गेले. चोरांचा सिनेमा होता, गर्दी होती, लोक हसत होते. नायकाच्या दातावर सोन्याचा म्हणून चढवलेला पत्रा बोलताना हलत होता. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे कुणाला सांगायचं नाहीये.

“काका, या आठवड्यात काही नको?” मुलीनं विचारलं.

“नको.”

“सिनेमे सोडले की काय?”

“बघतो आहे. बघून झालं की संपतं.”

मोबाइल पालथा ठेवून तिनं पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

चौथ्या रविवारी सकाळी दहा वाजता मिस्त्रींनी मुलाला फोन लावला. या घरातून कधी मुलाला फोन लावायचाच झाला तर ते बायकोचं काम होतं. ते त्यांनी कधी केलं नव्हतं.

“काय झालं?” मुलाचा आवाज घाबरा होता. “कुठे आहात? पडलात का?”

“काही नाही झालं. घरीच आहे.”

“मग फोन?”

“सहज.”

मग त्याचा आवाज बदलला. “तुम्ही दोघांनी मिळून मला अकरा वर्षं बाहेर ठेवलंत. आणि आता ती नाही, तर एका सिनेमावरून सांगितलंत. सिनेमावरून, बाबा.”

“तिनं शब्द घेतला होता. मी मोडला.”

“मग का मोडलात?”

मिस्त्रींनी विचार केला. मुलीची मतं संपली होती असं नव्हे. त्या दिवशीही चिठ्ठी समोर होती. “सांगायला माझ्याकडे स्वतःचं तेवढंच होतं,” ते म्हणाले.

फोनवर रस्त्याचा आवाज येत होता, मग दार लावल्याचा. मुलगा घरात आला असावा. चपला काढल्या, खुर्ची ओढली.

“समुद्रावरचा फोटो आहे बघा,” तो म्हणाला. “तिनं छत्री धरलीय तो.”

“हो.”

“त्यात?”

“ते तिचे स्वतःचे.”

“आणि माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी आलात, तेव्हाचा? स्टेशनबाहेरचा?”

“ते माझं काम. डावा सुळा केसभर पुढे आहे. मेण गार व्हायच्या आत माझा हात हलला. परत करतो म्हटलं, तर ऐकेना. म्हणाली, असू दे, अगदी सरळ दात आपल्या घरात कुणाचेच नाहीत.”

“दिसत नाही मला.”

“मोठा करून बघ.”

“केला. तरी नाही दिसत. थांबा, पाठवतो तुम्हाला. तुम्हीच दाखवा.”

मिस्त्री फोन कानाशी धरून जवळचा चष्मा शोधायला उठले.