एका श्वासाची जागा

लाँड्रीत बाराही महिने वाफ. त्या वाफेत चादरींना इस्त्री करता करता बुवांची तंद्री लागायची. धुण्याचं मशीन गरगरायचं, आत कपडे धप्प धप्प आपटायचे आणि बुवांचा पाय आपोआप ठेका धरायचा. "बुवा, चादर जळतेय!" मालकीणबाई ओरडायच्या, तेव्हा कुठे स्वारी भानावर यायची.

बुवा हे काही खरं नाव नव्हे. गातात म्हणून बँडवाल्यांनी ते चिकटवलं होतं. बँड फंक आणि सोल असलं ठेकेबाज अमेरिकी संगीत वाजवणारा, रात्री लाँड्री बंद झाली की तिथेच तालीम. बुवा मागे बसून ड्रम वाजवायचे आणि वाजवता वाजवता गायचे. दोन हात, दोन पाय आणि गळा एकाच वेळी चालवायचा, हे काय खायचं काम आहे?

त्यांच्या सगळ्यांत लाडक्या गाण्यात शेवटच्या ओळीपर्यंत दम पुरायचा नाही. मग बुवा एक ठोका सोडून श्वास घ्यायचे. त्यांच्यासाठी सगळा बँड थांबायचा. लोक म्हणायचे, वा, काय झकास जागा काढलीय! एकतीस वर्षं बुवा गालातल्या गालात हसले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग उजवं मनगट दुखायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, "इस्त्री नाहीतर ड्रम. एकच काहीतरी." घर इस्त्रीवर चालत होतं, त्यामुळे प्रश्नच मिटला. बापाच्या मांडीवर बसून ड्रम शिकलेली लेक आता त्यांच्या स्टुलावर बसली. बुवांनी पुढे उभं राहून नुसतं गायचं ठरलं.

पण कसलं काय! हातात ड्रमच्या काठ्या नाहीत म्हटल्यावर गळ्यातून सूर निघेना. हात खिशात घातले, मागे बांधले, माईकला धरले. तालमीत गाणं तीनदा मोडलं.

घरी येऊन बायकोला म्हणाले, "संपलं. माझा आवाज त्या काठ्यांतच होता."

"काहीतरीच तुमचं! मग पहाटे झोपेत कोण गातं? काठ्या?"

बुवांना हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. उद्या बँडचा बागेत कार्यक्रम होता; तिथे जमलं नाही, तर गाणं कायमचं सुटणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बागेतल्या मंचावर बुवांनी डोळे मिटले. मागे लेकीने ठेका धरला, आणि त्यांना वाटलं, आपण लाँड्रीतच आहोत. मशीन गरगरतंय, वाफ चढतेय, चादरी पांढऱ्या पांढऱ्या उडताहेत. आवाज कधी सुटला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

शेवटची ओळ आली. सवयीने सगळा बँड थांबला. लेकही थांबली, बापाचा दम तिला पाठ होता. पण आज हातपाय रिकामे, बुवांना दम लागलाच नव्हता. ते थांबायचंच विसरले.

पुढचा ठोका आला, पण कुणी वाजवलाच नाही. लेकीच्या काठ्या हवेतच राहिल्या. त्या शांततेत बुवांचा उघडा आवाज एकटाच ओळीच्या टोकापर्यंत चालत गेला. समोर बायको बसली होती. गाताना नवऱ्याचा चेहरा कसा होतो, हे तिने एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. एरवी तो ड्रमवरच्या झांजांच्या आड असायचा.

टाळ्यांच्या गलक्यात लेकीने मागून विचारलं, "बाबा, श्वास नाही घेतलात?"

बुवा वळले. डोळे भरून आले होते.

"अगं, उरला होता."